खाली पाणी असलं म्हणजे झालं?

लोणी काळभोरचा समुद्राशी तसा काही संबंध नाही. समुद्र इथून शंभर किलोमीटरहून लांब, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. तरी मुळा-मुठेच्या काठच्या राजबागेत, जिथे एकेकाळी राज कपूर यांचं फार्महाउस होतं, तिथे आज ‘मॅनेट’ आहे. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी ही संस्था. गावात तेल कंपन्यांचे डेपो आहेत, सोलापूर रस्त्याला टँकरांची रांग कायमची. डोक्यावरून लोहगावची सुखोई गरजत जाते, आणि कोणी मान वर करूनही पाहत नाही.

जहाज, इंधन आणि विमान. पाण्यावर उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या अपघातांचा इतिहास वाचू लागलं की याच तीन गोष्टी आलटून पालटून समोर येतात. त्यांतल्या विमानाविषयी आणि इंधनाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जहाजाविषयी त्या मानाने कमी. माझं म्हणणं असं, की इंजिन का बंद पडलं या प्रश्नावर चौकशी समित्यांनी कागदाचे रिमच्या रिम खर्च केले असले, तरी माणसं जगली की बुडाली हे बहुतेक वेळा जवळ एखादी बोट होती की नव्हती यावरच ठरलं.

सुरुवातीचा समज फार साधा होता. विमानाचं इंजिन बेभरवशाचं, म्हणून विमान पाण्यावरून उडवावं. बंद पडलं तर खाली उतरायला जागाच जागा. 1914 च्या 1 जानेवारीला फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा अशी जगातली पहिली नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली, ती याच हिशेबावर. बेनोआ कंपनीची ती एका इंजिनाची छोटी फ्लाइंग बोट, म्हणजे होडीसारख्या पोटावर पाण्यात उतरणारं विमान होतं, टोनी जॅनस तिचा वैमानिक, आणि एका वेळी प्रवासी एकच. पहिल्या फेरीचं तिकीट लिलावात 400 डॉलरला गेलं. एरवी भाडं पाच डॉलर. खाडी ओलांडायला 23 मिनिटं लागली आणि त्यातही वाटेत इंजिन कुरकुरलं. जॅनसने विमान खाडीच्या पाण्यावर टेकवलं, थोडी ठाकठोक केली आणि पुन्हा उचललं. चार महिने चाललेल्या त्या सेवेने बाराशेच्या आसपास प्रवासी सुखरूप नेले. खाडीचं पाणी संथ, किनारा दोन्हीकडे डोळ्यांसमोर. तेवढ्यापुरता तो समज अगदी बरोबर होता. घोटाळा झाला तो खाडीचा हिशेब समुद्राला लावल्यामुळे.

‘कोलंबस’ या फ्लाइंग बोटीचा 1923 चा अपघात मला या सगळ्या प्रश्नाचा नमुना वाटतो. अमेरिकेत 1920 पासून दारूबंदी. फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्टहून समुद्र ओलांडला की क्यूबातलं हवाना, आणि हवानात हवी तेवढी दारू. एरोमरीन या कंपनीने नौदलाच्या जुन्या गस्ती फ्लाइंग बोटी घेतल्या, त्यांत गाद्यांच्या खुर्च्या बसवल्या आणि की वेस्ट-हवाना प्रवासी सेवा सुरू केली. लोकांनी तिला ‘हायबॉल एक्स्प्रेस’ असं नाव ठेवलं होतं. लाकडी पोटाचं, दोन मोठ्या पंखांचं विमान, दोन पंखांच्या मध्ये टांगलेली दोन लिबर्टी इंजिनं, प्रत्येकी 400 अश्वशक्तीची. लिबर्टी हे पहिल्या महायुद्धासाठी घाईघाईने आखलेलं बारा सिलिंडरचं इंजिन. ताकदीला उत्तम, पण पाण्याने थंड होणारं, नळ्या-जोडांनी भरलेलं, आणि वर खारी हवा. शिवाय त्या काळात दोन इंजिनं म्हणजे दुप्पट भरवसा असं मानायचं कारण नव्हतं. भरलेलं विमान एका इंजिनावर हवेत टिकत नसे. त्यामुळे दोनांपैकी कुठलंही एक थांबलं तरी खाली यावंच लागे. म्हणजे धोका उलट दुप्पट.

13 जानेवारी 1923 रोजी ‘कोलंबस’ की वेस्टहून नऊ जणांना घेऊन निघालं. हवाना तीसेक किलोमीटरवर आलं असताना इंजिनाने दगा दिला आणि वैमानिकाने विमान पाण्यावर उतरवलं. इथपर्यंत सगळं ‘ठरल्याप्रमाणे’ झालं. विमान आपटलं नाही, जळलं नाही. पण खाली खाडी नव्हती. तीन ते साडेचार मीटर उंचीच्या लाटा होत्या. त्यांनी लाकडी पोट ठेचून काढलं, पाणी आत शिरलं आणि विमान बुडू लागलं. की वेस्ट आणि हवाना यांच्यामध्ये तेव्हा रेल्वेचे डबे वाहून नेणाऱ्या फेरीबोटी चालत. त्यांतली ‘हेन्री एम. फ्लॅग्लर’ तिथे पोचली आणि तिने पाच जणांना उचललं. चार प्रवासी गेले. एरोमरीन कंपनी पुढच्या वर्षी बंद पडली. त्याची कारणं पैशाचीही होती, पण या अपघाताने लोकांच्या मनात बसलेली धास्तीही त्यात होती.

या अपघाताची नोंद सहसा ‘इंजिन बिघाड’ अशी होते. ते खरं आहे आणि अपुरंही. इंजिन बंद पडल्यावर माणसं मेली नाहीत. ती नंतर, लाटांत मेली. आणि जी वाचली ती विमान तरंगणारं होतं म्हणून वाचली असं म्हणायलाही आधार नाही. वाफेवर चालणारी एक बोट त्याच वाटेवर होती म्हणून वाचली.

आपल्याकडची त्याच सुमाराची घटना याहून विलक्षण आहे. 1922 च्या उन्हाळ्यात नॉर्मन मॅकमिलन आणि जेफ्री मॅलिन्स हे आणखी एका सोबत्यासह इंग्लंडहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. मॅलिन्स म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचं चित्रण करणारा कॅमेरामन. कलकत्त्याहून पुढे हे दोघेच फ्लोटवर उतरणारं फेअरी विमान घेऊन ब्रह्मदेशातल्या अक्याबकडे निघाले. ऑगस्ट महिना, म्हणजे बंगालच्या उपसागरात ऐन पावसाळा. इंजिनाच्या त्रासाने त्यांना समुद्रावर उतरावं लागलं. फ्लोटमध्ये पाणी भरत गेलं आणि विमान उलटं झालं. त्या उलट्या सांगाड्याला धरून दोघांनी उपसागरात दिवस काढले, तेव्हा कुठे शोधायला निघालेल्या लाँचने त्यांना गाठलं. हे प्रवासी नव्हते, साहसवीर होते, म्हणून गोष्ट साहसकथा म्हणून सांगितली जाते. त्या जागी तिकीट काढून बसलेलं कुटुंब असतं तर?

बोट आली तरच माणसं वाचतात, याला त्या दशकात एक गमतीदार अपवाद. 1925 मध्ये अमेरिकी नौदलाचा जॉन रॉजर्स पीएन-9 ही फ्लाइंग बोट घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून हवाईकडे निघाला आणि वाटेत इंधन संपलं. विमान शाबूत उतरलं, पण जवळ कोणी नव्हतं. मग त्याने खालच्या पंखांचं कापड फाडून शिडं केली आणि पाच जणांनी ते विमान होडीसारखं हाकत शेकडो किलोमीटर पुढे नेलं, थेट कवाई बेटाच्या तोंडाशी. नऊ दिवस. नौदलाचे शिकलेले खलाशी होते म्हणून जमलं. ‘तरंगणारं विमान सुरक्षित’ या समजाला खरं ठरवणारं इतकं ठसठशीत दुसरं उदाहरण मला आठवत नाही, आणि त्यातही विमान विमान राहिलं नव्हतं.

मार्च 1929 मध्ये लंडन-कराची ही इंपीरियल एअरवेजची सेवा सुरू झाली. सात दिवस, 130 पौंड, मध्ये एक तुकडा रेल्वेचा आणि भूमध्य समुद्रावरचा तुकडा तीन इंजिनांच्या ‘कलकत्ता’ जातीच्या फ्लाइंग बोटींचा. त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला त्यांतली ‘सिटी ऑफ रोम’ भारताकडून परतीच्या वाटेवर नेपल्सहून जिनोव्हाला जाताना वादळी वाऱ्यात स्पेझियाजवळ समुद्रावर उतरली. इथे जहाज होतं. त्याने दोर बांधून ओढायचा प्रयत्नही केला. पण रात्र, वारा आणि लाटा. दोरामागची विमान-बोट अंधारात बुडाली आणि सातही जण गेले. म्हणजे जहाज जवळ असणं पुरत नाही. बोट पाण्यात सोडून माणसं उचलता आली पाहिजेत. विमान वाचवायच्या नादात माणसं राहून जातात.

1938 पर्यंत शॉर्ट कंपनीच्या चार इंजिनांच्या ‘एंपायर’ बोटी कराचीच्या पुढेही येऊ लागल्या. राजस्थानातला राजसमंद, ग्वाल्हेरजवळचा माधोसागर, अलाहाबादची नदी, मग कलकत्त्याची हुगळी. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात विलायतेचं विमान तळ्यात उतरतं ही तेव्हा पाहायला जायची गोष्ट असणार. चार इंजिनं आली म्हणून समुद्राचा प्रश्न सुटला असं वाटलं, आणि तो सुटला नव्हता हे दोन अपघातांनी दाखवलं. 7 डिसेंबर 1936 ला फ्रान्सचा लाडका वैमानिक झाँ मेर्मोझ डाकारहून ब्राझीलकडे टपाल घेऊन निघाला. काही तासांनी मागचं उजवं इंजिन बंद करतो आहोत असा संदेश आला. त्यानंतर काहीही नाही. चार इंजिनांतलं एक बंद, आणि पाच माणसांचा मागमूस नाही.

दुसरा अपघात मला जास्त शिकवणारा वाटतो, कारण त्यातले लोक परत येऊन बोलले. 21 जानेवारी 1939, ‘कॅव्हेलिअर’ ही एंपायर बोट, न्यूयॉर्कहून बर्म्युडाकडे, तेरा जण. कारण कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. ही गोष्ट आपल्या उष्ण देशात पटत नाही, म्हणून थोडं सांगतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने जाते आणि पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे तिथलं तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकतं. हवेत ओल असेल तर बाहेर बर्फ नसताना आत बर्फ धरतो, हवेची वाट बुजते आणि धडधाकट इंजिन गुदमरतं. उपाय म्हणजे गळ्याला गरम हवा देणं. ‘कॅव्हेलिअर’मध्ये ती सोय पुरेशी नव्हती. ढगांत शिरल्यावर एकामागून एक इंजिनं मंदावली. चारही इंजिनांना आजार एकच, त्यामुळे चार असून उपयोग शून्य. उतरताना उसळत्या समुद्राने पोट फोडलं आणि थोड्याच वेळात विमान गेलं. प्रवाशांना पट्टे नव्हते, लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि कशी घालायची हे कोणी सांगितलेलं नव्हतं. लोक एकमेकांना धरून दहाएक तास पाण्यात राहिले. तिघे गेले. दहा जणांना ‘एसो बेटाउन’ या तेलवाहू जहाजाने काढलं.

तेलवाहू जहाज. लोणीतल्या डेपोंत जे इंधन पोचतं ते कच्च्या रूपात अशाच टँकरांतून आलेलं असतं, आणि मॅनेटमधून बाहेर पडणारी कितीतरी मुलं अशाच टँकरांवर तिसरा अधिकारी म्हणून पहारा करणार असतात. समुद्रावर संकटात सापडलेल्या माणसाला वाचवायला धाव घेणं हे जहाजाच्या कप्तानावर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे. उलटा तराफा सुलटा कसा करायचा, कपड्यांसकट पाण्यात उडी कशी मारायची, हे या मुलांना शिकावंच लागतं. विमान प्रवाशाला यातलं काही येत नसतं.

‘कॅव्हेलिअर’च्या चौकशीने सुचवलेल्या गोष्टी आज विमानात बसल्यावर हवाई सुंदरी हातवारे करून सांगते आणि आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, त्याच आहेत: पट्टा, जॅकेट, दारं.

युद्धानंतर फ्लाइंग बोटींचा जमाना संपला. धावपट्ट्या झाल्या होत्या, जमिनीवरची विमानं वेगवान झाली होती. जाता जाता फ्लाइंग बोटींचा एक भयंकर अपघात झाला. 15 नोव्हेंबर 1957 च्या रात्री साउदॅम्प्टनहून निघालेली अक्विला एअरवेजची सोलेंट बोट दोन इंजिनं गमावून परत फिरली आणि आइल ऑफ वाइट बेटावर खाणीच्या कड्याला धडकली. 58 पैकी 45 ठार. बेटाच्या चहूबाजूंना पाणी होतं. अंधारात, घटत्या उंचीवर, त्या पाण्यापर्यंत विमान पोचलंच नाही. ‘खाली पाणी आहे’ या दिलाशाला याहून कडवट उत्तर नसेल.

आता उलट बाजू. 1947 च्या ऑक्टोबरात ‘बर्म्युडा स्काय क्वीन’ या फ्लाइंग बोटीचं इंधन समोरच्या वाऱ्यामुळे अटलांटिकच्या मधोमध पुरेनासं झालं. ती अमेरिकी तटरक्षकांच्या ‘बिब’ जहाजाशेजारी उतरली आणि खवळलेल्या समुद्रातून 69 च्या 69 जणांना काढलं. 1956 मध्ये पॅन अ‍ॅमचं स्ट्रॅटोक्रूझर, चाकांवरचं, पाण्याशी काही देणंघेणं नसलेलं विमान, दोन इंजिनं गमावल्यावर पॅसिफिकमध्ये ‘पाँचरट्रेन’ या तटरक्षक जहाजाशेजारी उजाडायची वाट पाहत घिरट्या घालत राहिलं आणि मग उतरलं. 31 पैकी सगळे वाचले. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिनं निकामी झालेलं एअरबस हडसन नदीवर उतरलं. 155 पैकी सगळे वाचले. वैमानिक सलेनबर्गर यांचं कौतुक झालं ते योग्यच. पण पहिली फेरीबोट चारेक मिनिटांत विमानाच्या पंखाशी लागली होती. पाण्याचं तापमान पाहता तासाभराने ती आली असती तर या गोष्टीवर सिनेमा निघाला नसता.

म्हणजे पाण्यासाठी घडवलेलं विमान एकटं पडलं तर माणसं बुडतात आणि धावपट्टीसाठी घडवलेलं विमान बोटीशेजारी उतरलं तर सगळी वाचतात. ‘सिटी ऑफ रोम’सारखे अपवाद धरूनही हा हिशेब फार बदलत नाही.

बोट जवळ असूनही माणूस विमानाबाहेर पडला नाही तर काय, हा याचाच दुसरा भाग. 23 नोव्हेंबर 1996 ची इथिओपियन एअरलाइन्सची 961 क्रमांकाची फ्लाइट मुंबईहून सुरू झालेली होती. अदीस अबाबानंतर तिचं अपहरण झालं, इंधन संपून दोन्ही इंजिनं थांबली आणि कोमोरोस बेटांच्या किनाऱ्याजवळ ती समुद्रात कोसळती उतरली. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून पर्यटक आणि स्थानिक लोक बोटी घेऊन धावले. तरी 175 पैकी 125 गेले. त्यांतल्या अनेकांनी लाइफ जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी चढलं तसे ते छताला चिकटले आणि दाराखालून बाहेर पडता आलं नाही. कॅनडात 2009 मध्ये एक लहान सीप्लेन उडताच पाण्यात पडलं. त्यात इंजिनाचा दोष नव्हता. आठांपैकी सहा जण आतच अडकून बुडाले. लहान फ्लोटचं विमान पाण्यात पडलं की हमखास उलटतं, आत अंधार, वर-खाली कळत नाही, दार अडकतं. त्यानंतर तिथे उडतानाच जॅकेट अंगात असण्याची आणि वैमानिकाने पाण्याखालून सुटायचं शिक्षण घेण्याची सक्ती झाली. हे व्हायला अनेक वर्षं आणि अनेक मृत्यू लागले.

आपल्या समुद्रातही असं उदाहरण आहे. 28 जून 2022 ला मुंबई हायजवळ ‘सागर किरण’ रिगच्या अलीकडे ओएनजीसीच्या कर्मचाऱ्यांना नेणारं पवन हंसचं हेलिकॉप्टर समुद्रावर उतरलं. तरंगतं ठेवणारे फुगे उघडले होते. नऊ जण होते; रिगवरच्या बोटीने आणि जवळच्या जहाजाने पाच जणांना काढलं, चार गेले. ‘कोलंबस’मध्येही नऊच होते आणि चारच गेले होते. मधल्या शंभर वर्षांत इंजिनं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली.

इंजिनं खरंच बदलली, हे मान्य करायला हवं. आजच्या सीप्लेनमधलं टर्बाइन इंजिन लाखो तासांच्या उड्डाणात एखाद्या वेळी बंद पडतं. कार्ब्युरेटरच नसल्याने त्यात बर्फ धरायचा प्रश्न नाही. उरलेल्या कारणांत एक इंधनात पाणी शिरण्याचं, आणि ते लोणीकरांना परकं नाही. टाकीत दांडी बुडवताना टोकाला पेस्ट लावून पाण्याचा अंदाज घेणं ही इथल्या डेपोंतली रोजची गोष्ट. मालदीवमध्ये जगातली सर्वांत मोठी सीप्लेन सेवा दोन इंजिनांच्या ट्विन ऑटरवर चालते आणि पुण्या-मुंबईचे कित्येक नवविवाहित तिच्यात बसून फोटो काढून येतात. तिथे बेटांमधलं पाणी उथळ, आणि जिकडे पाहावं तिकडे बोटी.

महाराष्ट्रात हे स्वप्न अधूनमधून डोकं वर काढतं. 2014 च्या ऑगस्टात जुहूहून पवना धरणावर, अँबी व्हॅलीसाठी, एका इंजिनाचं सेसना उतरवण्याची सेवा गाजावाजा करून सुरू झाली आणि विझली. 2017 मध्ये गिरगाव चौपाटीसमोर प्रात्यक्षिक झालं. केंद्राच्या यादीत नागपूरजवळचं खिंडसी आणि चंद्रपूरचं इरई ही धरणं येऊन गेली. 2024 च्या ऑगस्टात सीप्लेनचे नियम सोपे करण्यात आले. पुण्याच्या पूर्वेला अशी कल्पना निघाली तर नजर आपोआप उजनी धरणाकडे जाईल. लोणीवरून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीतच साठतं. बरोबर जलपर्णीही जाते. भिगवणचे फ्लेमिंगो पाहायला पुणेकर पहाटे निघतात. हडसनवर जे पक्ष्यांनी केलं ते इथल्या थव्यांनी करायला काही अडचण नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं. पूर्ण उघडं पडल्यावर ते दिसतं तरी. पाण्याच्या हातभर खाली असतं तेव्हा फ्लोटला ते कळसाचा दगड म्हणून भेटेल.

इकडे लोणीच्या आसपास 2011 मध्ये वाडे बोल्हाईला आणि 2014 मध्ये थेऊरजवळ सुखोई पडली, दोन्ही वेळा वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकले जाऊन वाचले. प्रवाशाच्या खुर्चीला ती सोय नाही. त्याच्यासाठी अंगात घातलेलं जॅकेट आणि पाच मिनिटांत येणारी बोट, एवढंच. अशा योजनांच्या बातम्यांत भाडं असतं, पर्यटन असतं, पर्यावरणाचा आक्षेपही असतो. बचावाची बोट कुठे उभी राहणार, तिचं इंजिन रोज कोण सुरू करून पाहणार, याची ओळ मी अजून वाचलेली नाही. केरळात 2013 मध्ये सीप्लेन सुरू होताना मच्छीमारांनी विरोध केला आणि त्यांना विकासाचे विरोधक ठरवलं गेलं. उजनीत विमान कधी उतरलंच आणि एखाद्या दिवशी चुकलं, तर सरकारी बोटीच्या आधी तिथे पोचणारे भिगवण-पळसदेवचे मच्छीमारच असतील. जाळी कुठे लागलेली असतात आणि कुठल्या महिन्यात कुठला दगड किती पाण्याखाली असतो, हे त्यांनाच माहीत आहे. कागद तयार होण्याआधी त्यांना विचारायला हवं.